शेवटी टाकलेला C

C कुठं लिहायचा, एवढ्या एका गोष्टीपायी आमच्या घरातला मागचा अख्खा उन्हाळा गेला. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटणार नाही. माझ्या सासूबाईंना तर घरात राहूनही अजून खरं वाटत नाही.

माझी धाकटी जाऊ बी.एस्सी.ला होती. म्हणजे वर्षं सगळी झाली होती, पण गणिताचा एक पेपर मागं राहिला होता, डिफरन्शियल इक्वेशनचा. तो निघत नव्हता म्हणून डिग्री हातात पडत नव्हती, आणि डिग्री नाही म्हणून बी.एड. अडलं होतं. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेत तिला चांगले मार्क पडले होते, हिंगोलीला जागा मिळण्यासारखी होती. होळीच्या सुमाराला सासऱ्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं, "या बारीला निघाला तं बी.एड. कर. न्हाई निघाला तं पुस्तकं माळ्यावर टाक. घरात हात कमी पडून राहिले." ते कधी आवाज चढवत नाहीत, आणि बोललेलं फिरवतही नाहीत.

घरात गणित येणारी मी एकटी. वसमतच्या एका कॉलेजात मी तासिकेवर शिकवते. तासिकेवर म्हणजे तास घेतला तर मॅडम, नाही घेतला तर कुणीच नाही. तरी मी मॅडम आहे. माझे आईवडील दुसऱ्यांच्या हळदीत मजुरीनं जायचे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि एम.एस्सी. मी फर्स्ट क्लासात काढली. हे मी मान खाली घालून सांगत नाही. का सांगावं?

तर जावेला शिकवायचं काम माझ्याकडं आलं. आता यातली मेख सांगते. सकाळचा स्वयंपाक ती करायची, म्हणून मला वसमतची बस सापडायची. ती पास झाली की पहाटेच हिंगोलीच्या रस्त्याला लागणार. मग चूल, डबे, शेतातल्या माणसांच्या भाकरी, सगळं माझ्या अंगावर. हे मला कळत होतं. सासूबाईंना तर माझ्या आधी कळलं होतं. आम्ही दोघी त्यांना मामी म्हणतो. एकदा मी खडू शोधत होते तर मामी ओसरीवरून म्हणाल्या, "शिकव, शिकव. ती गेल्यावर भाकरी कोण थापील? तू का तुझं ते इक्वेशन?"

मी म्हटलं, "मामी, इक्वेशनला हात नसतात."

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या.

हळदीचे दिवस होते. सिद्धेश्वरच्या कॅनॉलचं पाणी आमच्या शिवारात येतं, त्यामुळं आमच्याकडं हळद ही असतेच. शिजवलेली हळद अंगणात वाळत घातलेली होती. ती दिवसातून दोन-तीनदा परतायची, शेळ्या हाकायच्या, संध्याकाळी गोळा करून झाकायची. राखणीचं काम जावेकडं. मी कॉलेजातून आले की हातपाय धुवून तिथंच जायची. हळदीच्या कोठीला पत्र्याचं निळं दार आहे, तोच आमचा फळा. कॉलेजातले खडूचे तुकडे मी पर्समध्ये घालून आणायची. दार दिवसभर तापलेलं असायचं. लिहिताना हात टेकवला की चटका बसायचा.

पहिल्या दिवशी मी तिला सोपं गणित दिलं: dy/dx + (2/x)y = x, आणि x = 1 असताना y = 1. ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, यात दोनच गोष्टी दिलेल्या असतात. एक, y कसा बदलत जातो. दुसरी, तो निघाला कुठून. या दोन्हींवरून त्याची अख्खी वाट काढायची. बदलाची अट पाळणाऱ्या वाटा पुष्कळ असतात, त्या सगळ्या एका C मध्ये मावतात. सुरुवात कळली की C ठरतो, आणि एकच वाट उरते.

तिचा हात भराभर चालतो. हे मला मान्यच करावं लागेल. इंटिग्रेटिंग फॅक्टर काढला, x² आला. दोन्ही बाजूंना त्यानं गुणलं, डावीकडं सगळं मिळून x²y झालं. उजवीकडं x³ चं इंटिग्रेशन केलं, x⁴/4. मग x² नं भागलं. y = x²/4. आणि सगळं झाल्यावर, खडू खाली ठेवता ठेवता, शेपटीला + C.

मग अट घातली. C पाऊण आला. उत्तराला चौकट केली आणि माझ्याकडं बघितलं.

"चूक," मी म्हटलं.

"काहून? ताळा जुळून राहिला की, ताई. x ला एक घाला. एक चतुर्थांश आन् पाऊण, एक. बराबर हाय."

"C मागून टाकलास. इंटिग्रेशन केलं त्याच ओळीत यायला पाहिजे. तिथं आला की पुढं x² नं भागताना त्यालाही भागावं लागतं." मी तिच्या ओळीखाली लिहिलं: y = x²/4 + C/x². अट घातली. C पाऊणच आला.

तिनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "दोन्हीकडं पाऊणच की. मग फरक काय पडला?"

आता काय सांगणार? x = 1 ची अट मीच दिली होती, आणि एकानं भागलं काय, न भागलं काय, सारखंच. एवढी शिकलेली मी, आणि गणित निवडलं ते नेमकं चूक लपवणारं. मी म्हटलं, "उद्या बघू." तिनं ओल्या फडक्यानं दार पुसलं आणि शेळी हाकायला गेली. तिच्या चालण्यावरून कळत होतं, तिला वाटत होतं आपलंच बरोबर.

हे दुखणं तिच्या एकटीचं नाही. मी कॉलेजात पेपर तपासते, त्यात हाच C शेपटीला लटकलेला सापडतो. आमच्या भागात बारावीला इंटिग्रेशन शिकवतात ते क्लासवाले सर एकच गोष्ट डोक्यात ठोकतात: काहीही विसरा, C विसरू नका, नाहीतर मार्क कापला. पोरं घाबरतात. मग कुंकू लावायचं राहिलं तर नाही ना, म्हणून बाई जाता जाता आरशात बघते, तसं पोरं पेपरच्या शेवटच्या ओळीकडं बघतात आणि C टेकवतात. बारावीत ते चालून जातं, कारण तिथं इंटिग्रेशन हीच शेवटची ओळ असते. इथं तिच्यानंतर भागाकार असतो. नुसतं सर्वसाधारण उत्तर मागितलं असेल तर तपासणारा दयेनं अर्धेमुर्धे मार्क देतो. सुरुवातीची अट दिली असेल तर मात्र उत्तर चक्क खोटं येतं, आणि लिहिणाऱ्याला ते कधीच कळत नाही. कारण सुरुवात जुळलेली असते. शाळेपासून लागलेली ताळा बघायची सवय, ती सुरुवातीलाच बघून खूश होते. तिचा पेपर यातच अडकून राहिला होता. अटीची गणितं त्या पेपरात भरपूर असतात, आणि जाऊ ती सगळी सोडवून, चौकटी करून, हसत बाहेर यायची.

मला कॉलेजात तिघा-चौघांनी सांगितलं होतं, रोजच्या जगण्यातलं उदाहरण द्या म्हणजे समजतं. म्हणून मी एकदा हळदीचं दिलं. कढईतून काढलेली हळद गरम आहे, बाहेरची हवा अमुक इतकी आहे, तर हळद किती वेगानं थंड होईल, हेही तसलंच समीकरण आहे आणि काढताना किती गरम होती ती सुरुवातीची अट. मी मोठ्या हुरुपानं सांगत होते.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, हळद हात लावण्यासारखी कधी होते ते मला ठावं हाय. त्याला गणित काहून लागते?"

मामी हळद परतत होत्या. त्या एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "हिला इचार," म्हणाल्या, "हिला इचार, चहा कधी प्यायचा ते. कागद पेन घेऊन बसंल."

मीही हसले. पण आतून थकले होते. दिवसभर वसमतला दुसऱ्यांची पोरं, घरी ही, आणि कुणालाच ते नको होतं. पोरांना पास व्हायचं होतं, हिला पास व्हायचं होतं, गणित कुणालाच नको होतं. असं बरेच दिवस चाललं. मी सांगायची, ती मान डोलवायची, माझ्यासमोर C बरोबर लिहायची, आणि मी पाठ फिरवली की तो परत शेपटीला. हाताची सवय होती ती, डोक्याची नव्हती. डोक्याला समजावून हात ऐकत नाही.

एका दुपारी मी लवकर आले होते. कॉलेजात कुठलीशी सभा होती, तास बुडाले. ती दारासमोर उकिडवी बसली होती, गणित सोडवलेलं, खाली चौकट, चौकटीत C शेपटीला. मी पर्स खाली ठेवली आणि म्हटलं, "जाऊ दे बाई. राहू दे आता."

ती उठली. पदरानं तोंड पुसलं. म्हणाली, "एक इचारू? राग मानू नका."

"विचार."

"तुमाला वाटते का मी नापास व्हावं म्हणून? खरं सांगा. मी गेले तं तुमाला तकलीफ हाय. मामी रोज बोलून राहिल्या."

मामी जवळच होत्या. त्यांचे हात हळदीवरच थांबले.

मी म्हटलं, "वाटतं. सकाळी तू भाकरी थापत असतेस आणि मी नुसता डबा उचलून निघते, तेव्हा वाटतं, हे असंच राहावं. सणावाराला काम वाढतं तेव्हाही वाटतं."

तिला वाटलं होतं मी नाही म्हणेन. मग तिनं हळूच विचारलं, "मग शिकवून काहून राहिल्या?"

"चुकीचं उत्तर चौकटीत बघवत नाही मला. कुणाचंही असो."

हे काही फार मोठं कारण नव्हतं. पण खरं होतं, आणि ती त्यावर फणकारली नाही. उलट तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. मामी म्हणाल्या, "घ्या. एक भांडत बी न्हाई नीट," आणि परत हळदीला लागल्या.

मग मी समजावणं सोडून दिलं. मी म्हटलं, "आजपासून मी चूक-बरोबर सांगणार नाही. तू ताळा बघतेस ना? मग सगळ्याचा बघ. निघाला कुठून एवढंच नको बघू. जाऊन राहिला कसा, तेही बघ. तुझं उत्तर उचल आणि पहिल्या ओळीत घालून बघ." आणि या वेळी अट दिली x = 2 असताना y = 2.

तिनं आपल्याच पद्धतीनं उत्तर काढलं. y = x²/4 + 1. सुरुवातीचा ताळा जुळला. मग तिनं ते उत्तर समीकरणात घातलं. आधी dy/dx काढला, x/2. मग (2/x) नं y ला गुणलं, x/2 आणि 2/x. बेरीज केली. नुसता x यायला हवा होता. x आला, आणि बाजूला 2/x आला.

"हे कुठून उपटलं?" ती म्हणाली.

तिनं परत बेरीज केली. परत तेच. तिनं खालून वर, एकेक ओळीवर बोट ठेवत वाचत नेलं. इंटिग्रेशनच्या ओळीशी बोट थांबलं. तिनं तिथं C लिहिला. भागाकार परत केला. C/x². अट घातली, C चार आला, आधी एक आला होता. उत्तर समीकरणात घातलं. आठ भागिले x घन एकदा वजा आलं, एकदा अधिक आलं, उडून गेलं. उरला x.

तिनं खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "वाटणी झाली तवा हा घरातच व्हता, ताई. मग त्याला बी वाटणीत धरावं लागते. वाटणी झाल्यावर आणून बसवला तं समद्यांचे हिस्से चुकतात."

इतके दिवस मी जे सांगत होते ते हेच होतं, पण असं मला सांगता आलं नव्हतं. माझ्या माहेरी वाटणी करण्यासारखं काही नव्हतंच. "व्हय," मी म्हटलं, "तसंच."

"आधी काहून न्हाई सांगितलं असं?"

"मला माहीत नव्हतं असं."

त्यानंतर ती प्रत्येक गणिताचा पुरा ताळा करायला लागली. त्यानं तिचा वेग गेला. जी पोरगी पानभर गणित झरझर ओढायची ती आता एकेका ओळीवर थांबायची. मला त्याची धास्ती वाटायची, पण मी बोलले नाही. दोन्ही कुठून आणायचं? हळद वाळली, पॉलिशला गेली, अंगण मोकळं झालं. आम्ही दारासमोरच बसत राहिलो. ऊन वाढत चाललं तसं आमचं बोलणं कमी होत गेलं. कधी कधी ती सोडवायची आणि मी भिंतीला टेकून डोळे मिटून घ्यायची. तिनं "जुळलं" म्हटलं की डोळे उघडायची.

परीक्षा झाली. ती घरी आली, तांब्याभर पाणी प्याली आणि ओसरीवर बसली.

"आलं का?" मी विचारलं.

"आलं. tan x वालं. dy/dx अधिक y tan x बराबर cos x. x शून्याला y एक."

"C चं काय केलंस?"

"त्याला cos x लागला. ताळा बी केला." मग म्हणाली, "ताळेच करत बसले. शेवटचा प्रश्न राह्यला, ताई. हातच न्हाई लागला."

मी मनात मार्क मोजायला लागले आणि मग सोडून दिलं. मोजून वाढत नाहीत. त्या महिन्यात ती नेहमीसारख्या भाकरी थापत होती आणि मी नेहमीसारखी डबा उचलून निघत होते. आमच्या दोघींपैकी कुठल्याही एकीच्या मनासारखं झालं तरी दुसरीचं काहीतरी जाणार होतं, आणि ते आता दोघींना उघड माहीत होतं. त्यामुळं उलट घरात जरा मोकळं वाटायचं. ती म्हणायची, "ताई, नापास झाले तं तुमाला पेढे वाटावे लागतील." मी म्हणायची, "लपून खाईन."

निकाल लागला तेव्हा मी कॉलेजात होते. विद्यापीठाचं पान मोबाईलवर उघडेना. उघडलं तेव्हा पास दिसलं, अगदी काठावर. मी तिला फोन केला. मागून मामींचा आवाज आला, "निघाला का गं?" आणि मग कुणीतरी फोन ठेवला. बसमध्ये बसल्यावर मला समजेना, मला काय वाटतंय ते. आनंद होता. सकाळच्या भाकरीही डोळ्यांपुढं दिसत होत्या. दोन्ही खरं.

सासऱ्यांनी शब्द पाळला. स्वतः तिच्याबरोबर हिंगोलीला जाऊन प्रवेश घेऊन आले. मोठं कौतुक वगैरे काही केलं नाही. "निघाला ना? मग झालं," एवढंच.

तिचं कॉलेज सुरू झालं त्या सकाळी ती अंधारात उठली होती. तरी भाकरी तिच्याकडून होण्यासारख्या नव्हत्या, बस लवकरची होती. मी परात पुढं ओढली. ती दारात चपला घालत म्हणाली, "ताई, संध्याकाळचं समदं मी बघते."

"संध्याकाळी तू माझ्याएवढीच दमलेली असशील," मी म्हटलं. "आल्यावर बोलू. जा, बस जाईल."

ती गेली. चुलीवर माझ्या भाकरी, शेजारच्या शेगडीवर काहीच नाही, आणि माझीही वेळ होत आलेली. मामी ओसरीवर मिसरी लावत बसल्या होत्या. दोन सुना आल्यापासून त्यांनी सकाळच्या स्वयंपाकाला हात लावला नव्हता. मी आतूनच म्हटलं, "मामी, वरण तुमी टाका."

बाहेर मिसरी चालूच राहिली. मी परत म्हटलं, "दोघींचं काम मी एकटी करणार न्हाई, मामी. आज न्हाई आणि उद्याबी न्हाई."

त्या चूळ भरून आत आल्या. डाळीचा डबा कुठं असतो ते त्यांना मला विचारावं लागलं. "टाकते बाई," म्हणाल्या. "डिगऱ्या तुमच्या आन् वरण माझं."

वरणात मीठ जास्त पडलं. मी ते डब्यात भरून नेलं आणि दुपारी पाणी पीत पीत खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता डाळीचा डबा काढला.